सिडनी की मेलबर्न? नाशिकहून बिऱ्हाड हलवायचंय

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या कंपनीने ऑस्ट्रेलियाची बदली देऊ केली आहे. व्हिसा ४८२, म्हणजे कंपनीच्या जोरावरचा, तात्पुरता. ऑफिस सिडनीतही आहे आणि मेलबर्नमध्येही, आणि काम तेच. "तुम्हीच ठरवा, महिनाअखेर कळवा," असं एचआरने सांगितलंय. बायकोने नवऱ्याला दोन साड्या दाखवून "कुठली नेसू?" विचारावं तसं झालंय. दोन्ही बऱ्या दिसतात आणि कुठलीही घेतली तरी नंतर दुसरीच डोळ्यासमोर येणार.

आमच्याबद्दल: इंदिरानगरला राहतो. मी बी.ए. बी.एड., आठ वर्षं प्राथमिकला शिकवतेय. मुलगी सातवीत. मुलगा येत्या जूनमध्ये पाच पूर्ण करेल, त्याला बालदमा आहे. थंडी पडली की रात्री नेब्युलायझर निघतो. सासूबाई-सासरे इथेच राहणार. जानेवारीत निघायचा विचार आहे.

नवऱ्याने एक्सेल केलंय, अठरा रकाने आहेत. बेरीज केली की दोन्ही शहरांत दीड गुणाचा फरक येतो. म्हणून इथे आले.

सिडकोचा राजा
एकोणिसावा रकाना टाका: मिसळ. दोन्ही शहरांना शून्य. प्रश्न मिटला, इंदिरानगरलाच राहा.

हॅरिसपार्कची वहिनी
ताई, सिडनीत नववं वर्ष चालू आहे, माहेर नाशिकरोडचं. मी सिडनीच्या बाजूने बोलणार हे नावावरून कळलंच असेल, पण आधी विरोधातला मुद्दा सांगते. तो तुमच्या एक्सेलमध्ये नसणार.

४८२ वर आलेल्यांच्या मुलांना न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, सरकारी शाळेतसुद्धा फी भरावी लागते. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, असेल तर नाही, तात्पुरता व्हिसा असेल तर भरावी लागते. आम्ही थोरल्यासाठी वर्षाला सहा हजार डॉलरच्या वर भरले, तेही पहिल्या वर्षी, खिशात काही नसताना. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, ४८२ वाल्यांना ही फी नाही. दोन मुलं म्हणजे हिशेब दुप्पट.

आता बाजूने. पॅरामाटा, वेंटवर्थव्हिल, वेस्टमीड या पट्ट्यात तुम्हाला एकटं वाटणार नाही. हॅरिस पार्कच्या विग्रम स्ट्रीटवर संध्याकाळी फिरलात तर कॉलेज रोडची आठवण येते, फक्त गाड्या शिस्तीत. विनाचालक मेट्रो २०१९ पासून वायव्येकडे टालवाँगपर्यंत आहे, २०२४ च्या ऑगस्टपासून ती बंदराखालून थेट शहरात जाते. हवा मेलबर्नपेक्षा उबदार. समुद्र तर काय सांगू.

टोल मात्र ठिकठिकाणी. घोटी-पडघा विसराल.

अंबडकर मेलबर्नी
वहिनींनी फीचा मुद्दा सांगितला म्हणून त्यांचे आभार, आता माझं काम सोपं झालं.

मी २०१८ ला आलो. अंबडच्या एमआयडीसीतून थेट. पहिल्या दिवशी घरं बघताना भाडं वाचलं आणि बायकोला म्हटलं, "अगं, स्वस्त आहे की!" नंतर कळलं ते आठवड्याचं होतं. महिना काढायचा तर चारने नाही, सव्वाचारपेक्षा थोड्या जास्तने गुणा. वर महिन्याभराचं बॉन्ड, म्हणजे अनामत. तरीही सारख्याच आकाराचं घर सिडनीत घ्याल तर खिसा जास्त हलका होतो, हे सिडनीवालेसुद्धा नाकारणार नाहीत. इथे घर बघायला वीस कुटुंबं एकाच वेळी आत शिरतात, सत्यनारायणाच्या प्रसादाला जमावं तशी. अर्जात इथला भाड्याचा आधीचा इतिहास मागतात, तो तुमच्याकडे नसणार. मग पगाराचं पत्र, बँकेतली शिल्लक, नाशिकच्या घरमालकाचं इंग्रजी पत्र, जे असेल ते जोडा.

आपले लोक पश्चिमेला टार्नेट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, किंवा आग्नेयेला डँडेनाँगपासून क्लाइडपर्यंत. घरं नवी, मोठी, अंगण वगैरे. पण टार्नेटला शहराची लोकल जात नाही, जिलाँगकडून येणारी लांब पल्ल्याची गाडी मिळते. सकाळी ती आधीच भरून येते. नाशिकहून पंचवटी एक्सप्रेस पकडणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.

ट्रॅम हा मेलबर्नचा जीव. जगातलं सगळ्यात मोठं जाळं आहे, शहराच्या मध्यभागात फुकट. आणि त्या ट्रॅमपायी मध्यभागात काही चौकांत उजवीकडे वळायचं तर गाडी डावीकडे नेऊन उभी करायची आणि मग वळायचं. हूक टर्न म्हणतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, नाशिकच्या द्वारका सर्कलवरच्या गोंधळाचं कुणीतरी नियमांचं पुस्तक केलंय.

निफाडी गारठा
मेलबर्नची थंडी, मेलबर्नची थंडी म्हणून लोक घाबरवतात. आमच्याकडे द्राक्षाच्या पानांवर बर्फ जमलेला बघितलाय मी, पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसलोय. मेलबर्नला जुलैत गेलो होतो, भाचीकडे. बाहेरची थंडी काहीच नाही. घरातली थंडी भयंकर! भिंती पातळ, खिडक्या एका काचेच्या. भाची म्हणे हीटर चालू ठेवला तर बिल येतं, बंद ठेवला तर मामा येतात आणि कुरकुरतात.

अंबडकर मेलबर्नी
@निफाडी गारठा, खरंय. घर घेताना हीटिंग बघा, स्वयंपाकघर नंतर. आणि एका दिवसात चार ऋतू म्हणतात ती अतिशयोक्ती नाही. सकाळी स्वेटर, दुपारी टोपी, चारला छत्री.

टोमॅटोचा भाव
सिडनी उबदार म्हणणाऱ्यांनी पश्चिम सिडनीचा उन्हाळा पण सांगावा. समुद्राचं वारं तिथपर्यंत पोचत नाही. पेनरिथला ४ जानेवारी २०२० ला ४८.९ अंश होतं. आमचं मालेगाव लाजलं असेल.

हॅरिसपार्कची वहिनी
मेलबर्नलाही ७ फेब्रुवारी २००९ ला ४६.४ होतं, उगाच एकालाच का झोडता? 😄

पाटीपूजक
@गोदाकाठची, मुलाच्या शाळेचं बघितलंत का? सिडनीत त्या वर्षी ३१ जुलैच्या आत पाच पूर्ण होत असतील तर जानेवारीअखेर शाळेत घेतात. मेलबर्नला हीच तारीख ३० एप्रिल आहे. तुमचा मुलगा जूनचा. म्हणजे सिडनीत तो येत्या जानेवारीतच शाळेत जाऊ शकतो, मेलबर्नमध्ये अजून एक वर्ष बालवाडीत.

नावंही वेगळी. सिडनीत पहिल्या वर्षाला किंडरगार्टन म्हणतात, ती शाळाच असते. मेलबर्नमध्ये किंडर म्हणजे शाळेच्या आधीची बालवाडी, शाळेचं पहिलं वर्ष म्हणजे प्रेप. फोनवर सिडनीच्या मैत्रिणीशी आणि मेलबर्नच्या जावेशी एकाच दिवशी बोलाल तर डोकं फिरेल.

मुलीचं सांगायचं तर ती बहुधा तिथे पुन्हा सातवीतच बसेल. अर्धं वर्ष "वाया गेलं" म्हणून सासरे कुरकुरतील. कुरकुरू द्या.

गोदाकाठची
बाप रे. जूनचा वाढदिवस इतका महाग पडेल वाटलं नव्हतं. फीचा मुद्दा नवऱ्याला दाखवला, त्याने एकोणिसावा रकाना उघडला. (मिसळीचा नाही.)

माझ्या नोकरीचं कुणी सांगेल का?

खडू-फळा
मी सांगते, मी याच वाटेने गेले. बी.ए. आणि बी.एड. असेल तर पदवीचा प्रश्न सहसा येत नाही, नुसतं डी.एड. असतं तर अडलं असतं. अडतं ते इंग्रजीत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन-लेखनाला ७ पण बोलणं-ऐकण्याला ८ लागतात. वीस वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला बोलण्यात ७.५ पडले. ती तीन दिवस कुणाशीच इंग्रजीत बोलली नाही.

नोंदणी राज्याराज्याची वेगळी, पण एका राज्यात झाली की दुसऱ्यात परस्पर मान्यतेने मिळते, त्यामुळे यावर शहर ठरवू नका. परीक्षा नाशिकला असतानाच देऊन टाका. तिथे गेल्यावर डबे, कपडे, शाळेच्या मीटिंगा यात अभ्यास होत नाही. तोवर शाळेत मदतनीस म्हणून काम मिळू शकतं. मुलांसोबत काम करायला पडताळणी लागते, ती दोन्हीकडे.

गुणपत्रिका
मुलगी हुशार असेल तर सिडनीच घ्या. तिथे निवड परीक्षेच्या सरकारी शाळा कितीतरी आहेत, मेलबर्नमध्ये पूर्ण निवडीच्या अवघ्या चार.

पाटीपूजक
@गुणपत्रिका, सिडनीत त्या शाळा सातवीपासून असतात आणि परीक्षा सहावीत होते. मुलगी जाईल तीच सातवीत. मेलबर्नच्या चारही नववीपासून आहेत, पण दोन्हीकडे पीआर लागते. ४८२ वरून पीआरला कंपनीकडे दोन वर्षं काढावी लागतात, मग अर्ज, मग वाट. तोवर नववीची गाडीही सुटलेली असेल. कोचिंग क्लासवाल्यांचं ऐकून शहर निवडू नका. जिथे घर, तिथली हद्दीतली शाळा. म्हणून घराआधी शाळेचा नकाशा उघडा.

चौकस चौकोनी
थोडं विषयांतर. ही सिडनी-मेलबर्न भांडणं नवी नाहीत. १९०१ मध्ये देश एक झाला तेव्हा राजधानी कुठे यावर दोघांचं जमेना. मग राज्यघटनेतच लिहून टाकलं की राजधानी न्यू साउथ वेल्समध्ये असेल, पण सिडनीपासून किमान शंभर मैल लांब. आणि ती बांधून होईपर्यंत संसद मेलबर्नला भरेल. ती १९२७ पर्यंत तिथेच भरली, मग कॅनबेरा.

सिडकोचा राजा
म्हणजे नागपूरला हिवाळी अधिवेशन देतात तसं, पण सव्वीस वर्षं चाललेलं.

दमेकऱ्यांचा डॉक्टर
सगळे फी, टोल आणि हीटरवर बोलतायत. ताईंच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कुणी उचललं नाही: मुलाला बालदमा आहे. मी छातीचा डॉक्टर आहे, नाशिकमध्येच, आणि दोन वर्षं मेलबर्नच्या एका रुग्णालयात काढली आहेत.

२१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नवर वादळ आलं. काही तासांत हजारो लोक धाप लागून दवाखान्यांकडे धावले. दहा जण दगावले. याला तिथे वादळी दमा म्हणतात. व्हिक्टोरियाच्या माळरानांवर रायग्रास नावाचं गवत खूप आहे. वसंतात आणि उन्हाळा लागताना, म्हणजे तिथल्या ऑक्टोबर ते डिसेंबरात, त्याचे परागकण हवेत असतात. अख्खा परागकण नाकात अडकतो. पण वादळात ओलाव्याने तो फुटतो, बारीक तुकडे होतात आणि वाऱ्याच्या झोताबरोबर जमिनीलगत उतरतात. ते थेट फुप्फुसात. कित्येक जणांना आधी दमा नव्हताच, फक्त वसंतात शिंका यायच्या. आणि ज्यांना जास्त त्रास झाला त्यांत भारतीय वंशाचे लोक लोकसंख्येच्या मानाने जास्त होते.

"मग सिडनी" असं लगेच म्हणू नका. सिडनी किनाऱ्यावरचं, दमट शहर. गाद्या-उशांतल्या धुळीत राहणारे माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, तिथे जोमाने वाढतात, आणि बालदम्याच्या मुलांत त्यांची अॅलर्जी फार सामान्य आहे. म्हणजे मुलाला अॅलर्जी कशाची आहे यावर बरंच अवलंबून. त्वचेवरची चाचणी इथेच करून घ्या. तासाभराचं काम.

अंबडकर मेलबर्नी
डॉक्टरसाहेब म्हणतात ते खरं आहे, त्या संध्याकाळी इथे असलेले मित्र अजून सांगतात. पण तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर रोज वादळी दम्याचा अंदाज देतात, मोबाइलवर इशारा येतो. आमच्या शाळेत त्या दिवशी मुलांना आत ठेवतात, खिडक्या बंद. प्रत्येक दमेकरी मुलाचा कागद शाळेत लावलेला असतो: काय झालं की काय द्यायचं. नाशिकच्या शाळेत माझ्या पुतण्याचा पंप दप्तरातून काढून घेतला होता, "मुलं खेळतात" म्हणून.

दमेकऱ्यांचा डॉक्टर
बरोबर. अजून एक सांगायचं राहिलं. इथली चाचणी "गवताला काही नाही" म्हणाली तरी निश्चिंत होऊ नका. रायग्रासशी आपला संबंधच आलेला नसतो. तिथे दोन-चार वसंत काढल्यावर नव्याने अॅलर्जी झालेले स्थलांतरित मी पाहिलेत. रोजचा प्रतिबंधक पंप नियमित ठेवला तर धोका बराच उतरतो. आपल्याकडे बरं वाटलं की आजी पंप बंद करते, ते मात्र नको.

कॉलेज रोडचे आजोबा
धागा सुनेने वाचून दाखवला. मुलगा अकरा वर्षं मेलबर्नमध्ये आहे. मी शहरांबद्दल बोलणार नाही, मला ती दोन्ही विमानतळाएवढीच माहीत.

आपल्या आणि त्यांच्या घड्याळात साडेचार तासांचा फरक. ऑक्टोबरात ते लोक घड्याळ तासभर पुढे सारतात, मग एप्रिलपर्यंत साडेपाच. मुलगा जेवण आटोपून रात्री नऊला फोन करतो, तेव्हा इथे साडेचार नाहीतर साडेतीन. माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. नात शाळेतून आल्यावर बोलायची तर इथे अकराच्या आसपास, तेव्हा हिची पूजा. हे दोन्ही शहरांत सारखंच, त्यात तुम्हाला निवड नाही.

सासू-सासऱ्यांना नंतर बोलावू, असं मनात असेल तर बाई, आधी विचारून घ्या. साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपासची आहे, मी आता एकाहत्तर. पैसे भरून लवकरचा मिळतो, त्याचा आकडा ऐकून मी मुलाला म्हटलं, त्यापेक्षा तूच वर्षाला एकदा ये. येतो. या वर्षी नाही जमलं.

गोदाकाठची
आजोबा, तुमची पोस्ट सासऱ्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "साडेतीनला मी तसाही जागाच असतो." नंतर बराच वेळ खुर्चीत बसून होते.

देशप्रेमी ४२२
इथे पिकवायचं, शिकवायचं आणि तिकडे जाऊन टॅक्स भरायचा. कुंभमेळा तोंडावर आलाय, शहराला माणसं हवी आहेत, आणि तुम्ही पळताय.

सिडकोचा राजा
@देशप्रेमी ४२२, ताई गेल्या तर त्यांच्या पार्किंगमध्ये एखाद्या आखाड्याची सोय होईल. सकारात्मक विचार करा.

द्राक्षाचा घड
मला एक कळत नाही, दोन्हीतलं एकच निवडून जन्मभर राहायचंय असं का धरलंय? अंतर नऊशे किलोमीटरच्या आत. विमानाने दीड तास. नाही आवडलं तर दोन वर्षांनी बदला.

हॅरिसपार्कची वहिनी
@द्राक्षाचा घड, एकटा माणूस बदलतो. मुलीची शाळा, मैत्रिणी, घराचा करार, बायकोची नोकरी, हे सगळं जमल्यावर कुणी हलत नाही. आम्हीही "दोन वर्षं बघू" म्हणूनच आलो होतो.

गोदाकाठची
तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. सहामाही परीक्षा आणि पेपर तपासणी.

चाचणी झाली. मुलाला धुळीच्या माइट्सची अॅलर्जी चांगलीच आहे, हातावर रुपयाएवढी गांधी उठली. गवताला काही नाही, पण डॉक्टरांनी वर लिहिलंय ते डोक्यात आहे. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी विचारलं, "मग कुठे जाऊ?" ते म्हणाले, "गाद्यांना खोळ घाला, पंप बंद करू नका, आणि शहर तुमच्या मिस्टरांना विचारा."

मेलबर्न ठरवलं. नवऱ्याला वाटतं फीमुळे. माझं कारण वेगळं आहे, आणि ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. सिडनीत मुलगा जानेवारीत शाळेत गेला असता, पाचही पूर्ण नसताना, इंग्रजी येत नसताना, पंप दप्तरात. मेलबर्नला एक वर्ष बालवाडीत जास्त मिळतंय. मी प्राथमिकला शिकवते, मला माहीत आहे ते वर्ष काय असतं. मुलगी म्हणाली, "म्हणजे त्याच्यासाठी मी थंडीत." बोलत नाहीये दोन दिवस.

नवरा जानेवारीत एकटा पुढे जाईल, घर बघेल, हीटरसकट. आम्ही मार्चअखेर, इथलं वर्ष संपवून. हे बरोबर की नाही माहीत नाही, तिथलं वर्ष तोवर दोन महिने पुढे गेलेलं असेल.

गुणपत्रिका
चूक करताय. सिडनी.

पाटीपूजक
मार्चअखेर चालेल, एप्रिलमध्ये तिथे दुसरं सत्र सुरू होतं. मुलीला सुट्टीत नेऊन एकदा ट्रॅममध्ये बसवा.

दमेकऱ्यांचा डॉक्टर
पहिल्या ऑक्टोबरच्या आधी तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून दम्याचा लेखी आराखडा करून घ्या. बाकी शुभेच्छा.

हॅरिसपार्कची वहिनी
गेलात तुम्ही तिकडे. ठीक आहे, सुट्टीत सिडनीला या, समुद्र दाखवते.

गोदाकाठची
नक्की वहिनी. शेवटचा प्रश्न, सासूबाईंच्या वतीने: नवऱ्याच्या बॅगेत चिवडा आणि घरचे पेढे चालतील का?

अंबडकर मेलबर्नी
चिवडा आणा, पण विमानातल्या कार्डावर खाण्याच्या प्रश्नाला "हो" अशीच खूण करा. लपवलं आणि सापडलं तर जबर दंड. पेढे दुधाचे, ते तिथेच काढून घेतील. सासूबाईंना सांगा ओझरच्या विमानतळावर निरोप देतानाच खाऊ घाला.

सिडकोचा राजा
पेढे मी घेतो. इंदिरानगरला कुठे यायचं?